सन्मानपूर्वक निर्लेखन

माझी मुलगी जन्माला आली तेव्हा तिचं वजन एक हजार एकशे चाळीस ग्रॅम होतं. तिला नवजात अतिदक्षता विभागात दाखल करण्यासाठी माझ्या नवऱ्याने जे कागद भरले त्यांचं वजन अधिकृतपणे झालं नाही. परंतु दोन्ही उचलून पाहिलेल्या आयाबाईंच्या मते कागद जरा जड होते. मुलगी ठरल्या तारखेच्या दहा आठवडे आधी आली होती. कागद नेहमीप्रमाणे उशिरा आले. एवढीशी असूनही इंजेक्शन घेऊन आलेल्या सिस्टरचं बोट ती पायाने ढकलायची, म्हणून नवऱ्याने तिला मिरी म्हणायला सुरुवात केली.

पुढचे एकोणीस दिवस मिरी काचेच्या पेटीत होती आणि मी पेटीबाहेर. या पेटीला बाजूने दोन गोल खिडक्या असतात. त्यांतून हात आत घालता येतो, पण आपल्या मनाला येईल तसा नाही. तो कसा घालायचा हे शिकवायला त्या विभागात एक बाई होत्या. स्वतः नर्सच, पण काम इतर नर्सना शिकवण्याचं. अकरा वर्षांत त्या विभागात आलेली प्रत्येक सिस्टर त्यांच्या हाताखालून गेलेली होती, म्हणून सगळ्या त्यांना मास्तरीणबाई म्हणत. अर्थात त्या खोलीबाहेर असताना.

"हात ठेवायचा, फिरवायचा नाही," त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. "एक डोक्यावर, एक तळपायांशी. अहो मिरीची आई, बाळ आहे ते. कढई नाही घासायला."

हात आत घालण्याआधी धुवायचे असत. कोपरापर्यंत, दोन मिनिटं. बेसिनच्या कडेवर बाईंनी एक वाळूचं घड्याळ ठेवलं होतं आणि वाळू संपायच्या आत नळ बंद करणाऱ्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागे. माझ्या सासूबाई, ज्यांना आजवर कुणी काही शिकवू शकलेलं नाही, त्या तीन वेळा परत पाठवल्या गेल्या. चौथ्यांदा पास झाल्यावर त्यांचा चेहरा जितका खुलला, तितका मी माझ्या लग्नातही पाहिला नव्हता.

खोलीच्या कोपऱ्यात एक बाद झालेली पेटी होती, तळ काढलेली. नवी सिस्टर रुजू झाली की मास्तरीणबाई तिला त्या पेटीत डोकं घालून बसवत आणि वरून झाकणावर काहीतरी ठेवत.

"बाई!" नवी सिस्टर आतून दचकून ओरडे. "दार कुणी आपटलं?"

"दार नाही. पेन ठेवलं. तू मघाशी बाळाच्या पेटीवर ठेवलंस तसंच."

त्यानंतर ती सिस्टर आयुष्यात कशाच्याही झाकणावर काही ठेवत नसे. मीसुद्धा डोकं घालून पाहिलं. बाहेर आले तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी होतं आणि मनात कृतज्ञता दाटून आली होती. इथूनच सगळं बिघडायला सुरुवात झाली, कारण कृतज्ञता मनात दाटली की मनुष्य गप्प बसत नाही. मनुष्य अर्ज करतो.

रुग्णालयाचा गौरव कक्ष जिन्याखाली होता. पाटीवर ठळक अक्षरांत 'गौरव' असं होतं आणि खाली बारीक अक्षरांत 'झाडू बाहेर ठेवावेत'. आत एक कारकून बसले होते. त्यांनी मला चौदा पानी अर्ज दिला. मी तो दोन दिवसांत, मिरीच्या दुधाच्या वेळांच्या मधल्या फटींतून भरून परत नेला.

"'घडलेल्या असामान्य घटनेचे वर्णन' हा रकाना कोरा आहे," कारकून म्हणाले.

"काही घडलंच नाही. त्या घडूच देत नाहीत, तोच तर मुद्दा आहे."

"मग गौरव कशाचा?"

"न घडल्याचा."

"न घडलेल्या घटनेला साक्षीदार लागतील. दोन." त्यांनी चष्मा पुसला. "मागे एका सिस्टरने आग विझवली होती. तसं काही?"

"आग लागली नाही कधी."

"बघा," कारकून हळहळले. "लोकांचे प्रयत्नच कमी पडतात."

तरीही ते सज्जन गृहस्थ होते. त्यांनी तो रकाना स्वतः भरला ("निरंक, परंतु सातत्याने") आणि मास्तरीणबाईंचं पद शोधायला कर्मचाऱ्यांची यादी काढली. यादीत बाई नव्हत्या. नर्सच्या यादीत नव्हत्या, शिक्षकांच्या यादीत नव्हत्या, कंत्राटी नव्हत्या, मानद नव्हत्या. तासाभराने कारकुनांना त्या सापडल्या, यंत्रसामग्रीच्या नोंदवहीत. अनुक्रमांक अठरा, श्वास देण्याच्या सरावाची रबरी बाहुली. अनुक्रमांक एकोणीस, मास्तरीणबाई. अनुक्रमांक वीस, घडीचा फळा.

झालं होतं असं की, अकरा वर्षांपूर्वी नर्सना शिकवणाऱ्या नर्सचं पदच मंजूर नव्हतं. मंजूर होतं ते 'प्रशिक्षण साहित्य, टिकाऊ'. तेव्हाच्या कुणा हुशार अधिकाऱ्याने पदाची वाट न पाहता बाईंना साहित्यात दाखल करून घेतलं, दोन-तीन महिन्यांसाठी. मग तो अधिकारी बदलून गेला. साहित्य टिकाऊ निघालं.

"म्हणजे त्यांचा गौरव होणार नाही?" मी विचारलं.

"का नाही होणार? 'उत्कृष्ट टिकाऊ साहित्य' असा स्वतंत्र पुरस्कार आहे. गेल्या वर्षी जनरेटरला दिला. अतिशय आटोपशीर कार्यक्रम झाला. जनरेटर सत्काराला उत्तर देत नाही ना."

पुरस्कारासाठी साहित्य चालू असल्याचा दाखला लागतो. दुसऱ्याच दिवशी यंत्रदुरुस्ती विभागाचे काका पाना-पकड आणि तपासणीचा तक्ता घेऊन आले. बाई त्या वेळी एका बाळाच्या नाकातली नळी सरळ करत होत्या, त्यामुळे उत्तरं त्याच आठवड्यात रुजू झालेल्या नव्या सिस्टरने दिली.

"आवाज करतात का?" काकांनी विचारलं.

"अजिबात नाही. कुजबुजतात. पण चार खोल्यांपर्यंत ऐकू येतं."

"गरम होतात?"

"कुणी हात न धुता आलं की."

"किती वेळात थंड होतात?"

"तो माणूस बाहेर गेला की लगेच."

"तेल-पाणी?"

"दुपारी एक चहा. तोही गार झाल्यावर घेतात."

काकांनी सगळ्या रकान्यांत बरोबरच्या खुणा केल्या आणि बाईंच्या बाहीवर हिरवं लेबल चिकटवलं : 'चालू स्थितीत'. बाईंनी ते वाचलं, काकांच्या नखांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "अहो, हे लेबल लावायच्या आधी हात कधी धुतले होतेत?" काकांनी तक्त्यात 'संवेदक उत्तम' अशी जादा नोंद केली.

इथवर सगळं सुरळीत होतं. पण तक्त्याच्या शेवटी 'दाखल दिनांक' असा रकाना होता. काकांनी तो प्रामाणिकपणे भरला. टिकाऊ साहित्याचं आयुष्य नियमानुसार दहा वर्षं. बाईंना अकरा झाली होती. त्या एक वर्ष बेकायदेशीरपणे टिकल्या होत्या.

दोन दिवसांनी आदेश निघाला. अनुक्रमांक एकोणीसचा गौरव करण्यात यावा आणि त्याच समारंभात, पाहुण्यांना दुसऱ्यांदा तसदी नको म्हणून, त्याचं निर्लेखन करण्यात यावं. निर्लेखन म्हणजे वस्तूवर नोंदवहीत लाल रेघ मारायची आणि ती मागच्या शेडमध्ये नेऊन ठेवायची. जिच्यावर लाल रेघ आहे तिला विभागाच्या दारातून आत येता येत नाही. समारंभ गुरुवारी चार वाजता.

गुरुवारी चार वाजता मिरी पहिल्यांदा माझ्याकडे येणार होती.

हे नीट सांगायला हवं. पहिले पंधरा दिवस मिरीचा श्वास यंत्र घेत होतं. मग तो ती स्वतः घ्यायला लागली, आणि मास्तरीणबाईंनी तक्त्यावर पेन्सिलने लिहिलं : 'गुरुवार, ४, आईच्या छातीवर'. कांगारू म्हणतात त्याला. बाळाला कपड्यांशिवाय आईच्या उघड्या छातीवर ठेवायचं आणि वरून दोघींना गुंडाळायचं, बस्स. पण नाकात नळी, पायाला वायर, पोटावर वायर असलेलं एवढंसं बाळ पेटीतून छातीपर्यंत आणणं हा वीतभर प्रवास धोक्याचा असतो, म्हणून पहिल्या खेपेला मास्तरीणबाई हव्यातच असा विभागाचा नियम होता. त्या नसतील तर त्यांच्या जागी नवीन साहित्य येईपर्यंत थांबायचं. नवीन साहित्याला अठरा महिने लागतात. तोवर मिरी स्वतः चालत येऊन माझ्या मांडीवर बसली असती.

मी धावत जिन्याखाली गेले. "मला अर्ज मागे घ्यायचाय."

"अर्ज मागे घेता येतो," कारकून म्हणाले. "कृतज्ञता नाही येत. तिला जावक क्रमांक पडलाय."

मग मी बाईंसमोर जाऊन उभी राहिले आणि सगळं कबूल केलं. चौदा पानं, रबरी बाहुली, जनरेटर, लाल रेघ. बोलता बोलता रडू फुटलं. बाईंनी ऐकून घेतलं, एका हाताने मला रुमाल दिला, दुसरा हात पेटीत मिरीच्या डोक्यावर तसाच ठेवून.

"गुरुवारी चारला ना?" त्या म्हणाल्या. "चारला मिरीची वेळ आहे. मी कुठल्या सभागृहात जात नाही. यायचं तर त्यांना इकडे यायला सांगा. हात धुवून."

"अहो बाई, ते तुम्हाला काढून टाकणार आहेत!"

"काढू देत. तुम्ही आधी नखं काढा. गुरुवारच्या आत."

गुरुवारी पावणेचारला समारंभ मजल्यावर आला. रुग्णालयाचे मोठे साहेब, पुरस्कार समितीचे नऊ सदस्य, निवेदक, फोटोग्राफर आणि पुष्पगुच्छ. पुष्पगुच्छ दारातच बाद झाला. फुलांतून किडे येतात. फोटोग्राफर बाद झाला. बाळांच्या डोळ्यांवर झगझगीत उजेड चालत नाही. उरलेले अकरा जण दोन बेसिनांसमोर रांगेत उभे राहिले आणि नव्या सिस्टरने वाळूचं घड्याळ उलटं केलं.

समितीच्या चार सदस्यांना बाह्या कोपराच्या वर जात नाहीत असं आढळलं. निवेदकाने साबणाच्या जागी स्वतःचं अत्तर वापरण्याची परवानगी मागितली. एक सदस्य वाळू संपायच्या आत नळ बंद करून "मी वरिष्ठ आहे" असं म्हणाला. त्याला पहिल्यापासून सुरुवात करायला सांगितलं, तर तो रुसून चहाला गेला. मोठ्या साहेबांची अंगठी निघेना. तीन जणांनी धरून ओढली, शेवटी साबणाने निघाली आणि थेट बेसिनच्या जाळीत गेली. दारात उभ्या सासूबाई हे सगळं शिक्षण मंडळाच्या परीक्षकाच्या नजरेने बघत होत्या. "बोटांच्या मधे," त्या साहेबांना म्हणाल्या, "बोटांच्या मधे राहिलंय तुमचं. मी पण तिथेच नापास झाले होते."

चार वाजून पाच मिनिटांनी, अकरांपैकी एकटे मोठे साहेब ओल्या कोपरांनिशी आत आले. हातात पितळी चषक. तोसुद्धा धुतलेला.

मी खुर्चीत बसले होते, गाउनचे बंद सोडून. बाईंनी मिरीच्या वायरी एकेक करून मोकळ्या बाजूला घेतल्या होत्या, नळीला नवी चिकटपट्टी लावली होती. दोन सिस्टर दोन बाजूंना. एक खिडकी उघडी. पडद्यावर मिरीच्या ऑक्सिजनचा आकडा : चौऱ्याण्णव.

साहेबांना भाषण वाचायचं होतं. भाषण खिशात होतं, चष्मा दुसऱ्या खिशात, आणि दोन्ही हात चषकात गुंतलेले. कुठल्याही सुसंस्कृत माणसाने जे केलं असतं तेच त्यांनी केलं. जवळ जी सपाट जागा दिसली तिच्यावर चषक ठेवला.

ती जागा मिरीच्या पेटीचं झाकण होतं.

टक्.

बाहेर एवढाच आवाज आला. पण आत मिरीने दोन्ही हात फेकले, बोटं फाकली आणि ती श्वास घ्यायची विसरली. आकडा अठ्ठ्याऐंशी. एक्याऐंशी. पंच्याहत्तर. यंत्र ओरडायला लागलं. मी उठणार तेवढ्यात बाई म्हणाल्या, "बसा," आणि मी बसले. त्यांचे दोन्ही हात आत गेले होते, एक डोक्यावर, एक तळपायांशी. फिरवला नाही. नुसता ठेवला. "असू दे गं," त्या कुजबुजल्या, "गौरव होता. संपला आता." एकाहत्तर. एकाहत्तर. मग मिरीने एक मोठा, रागावलेला श्वास घेतला आणि आकडा पायऱ्या चढत वर आला. पंच्याऐंशी. नव्वद. त्र्याण्णव.

बाईंनी डोळ्यांनीच नव्या सिस्टरला हात आत ठेवायला सांगितलं, स्वतःचे काढून घेतले, चषक उचलला आणि साहेबांना म्हणाल्या, "साहेब, जरा इकडे या."

रुग्णालयाच्या सर्वोच्च अधिकाऱ्याने कोपऱ्यातल्या तळ काढलेल्या पेटीत डोकं घातलं. बाईंनी चषक झाकणावर ठेवला. आपटला नाही, साहेबांनी ठेवला होता तसाच, अदबीने.

"कोण ओरडलं?" आतून साहेबांचा आवाज आला.

"कुणी नाही. तुम्ही सत्कार केलात."

साहेब बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले तेव्हा त्यांचा भांग मोडला होता आणि भाषण त्यांनी घडी घालून परत खिशात ठेवलं होतं.

मग बाई माझ्याकडे वळल्या. "चला मिरीची आई. श्वास सोडा. तुमचापण आकडा बघायला लागेल नाहीतर." आणि तीन जणींनी मिळून, एका हातात नळी, एका हातात वायरी, चार हातांत मिरी, असा तो वीतभर प्रवास झाला. एक हजार तीनशे दहा ग्रॅम माझ्या छातीवर आले. ओलसर, गरम, आणि पायाने ढकलणारे. बाईंनी माझा हात धरून तिच्या पाठीवर ठेवला आणि वरून आपला ठेवला. मी काय बोलले मला आठवत नाही. नवी सिस्टर सांगते की मी "कढई नाही, कढई नाही" असं म्हणत होते.

नेमके त्याच वेळी दुरुस्तीवाले काका ढकलगाडी घेऊन आले, अनुक्रमांक एकोणीस शेडमध्ये न्यायला. कोपरापर्यंत हात धुवून आले होते, कारण नव्या सिस्टरने त्यांना सोडलंच नसतं. त्यांनी तक्ता काढला आणि पहिला प्रश्न मोठ्याने वाचला. म्हणजे कुजबुजत वाचला.

"यंत्र रुग्णाला जोडलेलं आहे का?"

सगळ्यांनी पाहिलं. बाईंचा हात माझ्या हातावर, माझा मिरीवर.

"आहे," साहेब म्हणाले.

"मग हलवता येत नाही. नियम आहे. कधी मोकळं होणार?"

"तासाने," बाई म्हणाल्या. "मग खिडकीजवळच्या बाळाची वेळ आहे. मग जुळ्यांची."

काकांनी तक्त्यात लिहिलं : 'वापरात. निर्लेखन पुढील गुरुवारी.' आणि ढकलगाडी बाहेर लावून ते स्टुलावर बसून राहिले. ते अजून दर गुरुवारी चार वाजता येतात. बाई अजून मोकळ्या सापडलेल्या नाहीत.

साहेबांनी मात्र मनावर घेतलं. सोमवारीच परिपत्रक निघालं : बाळांच्या पेट्यांवर कोणतीही वस्तू ठेवू अगर आपटू नये, आणि या परिपत्रकाची प्रत प्रत्येक पेटीवर खिळ्याने ठोकण्यात यावी. बाईंनी सगळ्या प्रती घेतल्या आणि बेसिनवर हात पुसायला ठेवल्या. चषक कोपऱ्यातल्या पेटीशेजारी असतो. नव्या सिस्टरसाठी आता पेनऐवजी तोच वापरतात. आवाज चांगला येतो.

मिरी घरी आली त्याला दोन महिने झाले. आत्ता ती माझ्या छातीवर झोपली आहे आणि मी हे एका हाताने लिहिते आहे. दारात सासूबाई आहेत, वाळूचं घड्याळ घेऊन. आजवर त्रेचाळीस जण मिरीला बघायला आले. सगळ्यांनी ही गोष्ट ऐकली, सगळे हसले, बऱ्याच जणांचे डोळे भरून आले. चार जणांनी वाळू संपेपर्यंत हात धुतले. बाकीचे एकोणचाळीस जण उंबऱ्यातूनच म्हणाले, की अशा बाईंसाठी कुणीतरी काहीतरी करायला हवं, अर्ज कुठे मिळतो?

तुम्हालाही आत्ता तेच वाटतंय ना? अर्ज जिन्याखाली मिळतो. बेसिन इकडे आहे.